अच्युतमामाने निवडलेला डॉक्टर

मामीचा पाय अधू झाल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत कुणी अच्युतमामाला हाडांच्या डॉक्टरचं नाव विचारलं, की तो उठून स्वयंपाकघरात जायचा आणि चहा ठेवायचा. विचारणारा चहा प्यायचा, पुन्हा विचारायचा, आणि मामा कपबशा गोळा करत म्हणायचा, "मले नाही सांगता येत." माणसाला वाटायचं, म्हातारा भाव खाऊन राहिला. वाटणारच. कारण हाच अच्युत मोहरील एके काळी न विचारता डॉक्टर सांगायचा.

मी त्याची भाची, पूर्णिमा. शंकर नगरातल्या बँकेत काम करते आणि घरच्यांच्या मते तोंडाची फटकळ आहे. मामावर माझा जीव आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल गोड गोड बोलायची मला गरज वाटत नाही.

मामा रेल्वेत होता, रिझर्वेशनच्या खिडकीवर. रायपुरातल्या आम्हा मराठी लोकांमध्ये कुणाचं हाड मोडलं, गुडघा धरला, मणका सरकला, की पहिला फोन मामाला. त्याचं कारण साधं होतं. दाखवायला नागपूरला जायचं हे ठरलेलंच असायचं, आणि नागपूरचं तिकीट मामाच्या हातात होतं. आमच्याकडे साडी नागपूरची, सोयरीक नागपूरची आणि डॉक्टरही नागपूरचा. छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झालं, शंकर नगरातून लाल दिव्याच्या गाड्या सुसाट जायला लागल्या, तेलीबांध्याच्या तळ्याकडे नव्या इमारती उठल्या आणि चौकाचौकात नव्या दवाखान्यांच्या पाट्या लागल्या. आमच्या लोकांनी त्या पाट्या वाचल्या आणि गाडीत बसून नागपूरला गेले.

मामाचं यावर एक भाषण तयार होतं. "दुखणं आपल्या भाषेत सांगता आलं पायजे. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. इथं सांगाल तं सगळ्याचं दर्द होऊन जाते. मग डॉक्टरले समजन काय?" खिडकीपाशी माणूस आला की मामा विचारायचा, कोणाकडे दाखवून राहिले? समोरच्यानं नाव घेतलं की तोंड वाकडं करून हा दुसरंच नाव सांगायचा. लोक तिकीट घ्यायला यायचे आणि डॉक्टर घेऊन जायचे.

हे ज्ञान त्यानं कुठून आणलं होतं? तर फलाटावरून. ड्यूटी संपली की तो नागपूरहून येणाऱ्या गाडीच्या वेळी पुलाच्या पायऱ्यांपाशी उभा राहायचा. आपण पाठवलेली माणसं परत येताना तो त्यांची चाल बघायचा. कोण कठडा धरून उतरतं, कोण पाय ओढतं, कोण हातात पिशवी घेऊन झपाझप येतं. त्यावरून त्यानं कोणत्या हाडाला कोणता डॉक्टर, हे ठरवलं होतं. खुब्याला धंतोलीतले डॉक्टर यशवंतराव, गुडघ्याला अमुक, मणक्याला तमुक. चालत आलेला माणूस म्हणजे डॉक्टर चांगला. ही परीक्षा त्याला इतकी पक्की वाटायची की डिग्र्या वगैरे तो मोजायचाच नाही.

मी एकदा त्याला विचारलं होतं, "मामा, ज्याचं बिघडलं तो पुलावरून कशाला येईल? त्याला तर हातगाडीवर टाकून पार्सलच्या फाटकातून काढतात. आणि ज्याचं हाड रायपुरातच जुळलं, तो तुझ्या फलाटावर येईलच कशाला?" मामा हसला होता. "तू बँकेतली आहे, तुले हिशेब दिसते. मले माणूस दिसते." तेव्हा मीही हसले होते.

विजयामामी त्याच्या उलट. दुसऱ्यांची चाल बघत उभं राहणं तिला माहीत नव्हतं, ती स्वतःच चालायची. गुढियारीतलं त्यांचं घर रुळांपलीकडे. तिथून ती पायी बाजाराला जायची, पायी देवळात, पायी कुणाच्या बारशाला. रिक्षात बसली की तिला मळमळायचं. वाटेत भाजीवालीशी छत्तीसगडीत बोलायची, शेजारच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सासू-सुनांची भांडणं सोडवायची, आणि घरी येऊन मामाला सगळं सांगायची. मामा पेपर वाचत "हव, हव" करायचा. पेपर खाली ठेवून ऐकल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही.

राजधानी होऊन तीन वर्षं होत आली होती, तेव्हाची गोष्ट. महालक्ष्म्यांच्या आधी मामी अंगण धूत होती. ओल्या पायरीवरून घसरली आणि डाव्या अंगावर पडली. उठता येईना. मामा ड्यूटीवर होता. शेजारचा बंडू घरी होता. त्याचीच नडगी मागच्या वर्षी शंकर नगरातल्या एका नव्या दवाखान्यात जुळली होती. त्यानं भैय्यालालचा ऑटो बोलावला, मामीला पाटावर सरकवून पाटासकट उचलून आत ठेवलं आणि सरळ तिथं नेलं. वाटेत मला बँकेतून उचललं.

दवाखाना भाड्याच्या बंगल्यात होता. डॉक्टर होते शालिग्राम चंद्राकर. पस्तिशीचे, धमतरीकडचे, बोलताना अर्धं हिंदी, अर्धं छत्तीसगडी. त्यांनी एक्स-रे फोटो काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि मामीच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसले. "दाई, आप दिन भर करती क्या हैं?" दाई म्हणजे छत्तीसगडीत आई. मामीनं कण्हत सांगितलं, चलती हूँ. मग डॉक्टरांनी तिला तिच्याच फोटोवर बोट ठेवून समजावलं, की मांडीच्या हाडाची मान तुटली आहे. वरच्या गोळ्याला रक्त याच वाटेनं जातं. ते तुटून राहिलं तर गोळा सुकतो. सकाळी स्क्रू घालून बसवू. जितकं लवकर, तितकं चांगलं. एवढं सांगून त्यांनी तिलाच विचारलं, "करें?"

मामी "हव" म्हणाली. मी तिथंच उभी होते, मी ऐकलं.

संध्याकाळी मामा आला तो घामाघूम. डॉक्टरांशी तो पाच मिनिटं बोलला असेल नसेल. बाहेर येऊन मला म्हणाला, "हा पोट्टा आहे. याच्या हातचा एक तरी माणूस मी चालताना पाहिला काय?" मी बंडूकडे बोट दाखवलं. बंडू समोर दोन पायांवर उभा होता. मामा म्हणाला, "नडगी वेगळी अन् खुबा वेगळा." मग त्यानं फोन करायला सुरुवात केली. मराठी मंडळाचे अध्यक्ष, जुने स्टेशनमास्तर, भिलाईचे साडू, सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, नागपूर. सांगणारच. त्यांना आयुष्यभर मामानंच तर ते शिकवलं होतं.

मी भांडले. बंडूही आडून आडून बोलला. मामानं कुणाचं ऐकलं नाही. डॉक्टर चंद्राकर एवढंच म्हणाले, "ले जाना है तो ले जाइए, पर देर मत कीजिए." दुसऱ्या दिवशी सकाळी मामानं आपल्या कोट्यातून खालचा बर्थ मिळवला, चार हमाल लावून मामीला गाडीत चढवलं आणि घेऊन गेला. मी सोबत होते. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया, प्रत्येक स्टेशनात गाडी थांबताना आणि सुटताना हिसका बसायचा. मामीनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. मामा तिच्या पायाशी बसून दोन्ही हातांनी तिचा पाय घट्ट धरून होता, की हलू नये. त्या प्रवासात त्यानं पाण्याचा घोटही घेतला नाही. त्याचं प्रेम खोटं होतं असं कुणीही म्हणू शकणार नाही.

धंतोलीत पोचलो तर डॉक्टर यशवंतराव परदेशी गेलेले. मुलीचं बाळंतपण होतं. आठवड्यानं येणार होते. त्यांचे हाताखालचे डॉक्टर तयार होते, चांगले शिकलेले, स्वच्छ मराठी बोलणारे. ते मामाला म्हणाले, "काका, थांबण्यात अर्थ नाही. मी आजच करतो." झालं असतं तर तेही चाललं असतं. पण मामाच्या डोक्यात पुलावरून उतरणारी माणसं होती आणि ती सगळी यशवंतरावांची होती. तो म्हणाला, "मी खुब्यासाठी यशवंतराव सोडून आजवर कोणाचं नाव सांगितलं नाही. माह्या बायकोले दुसऱ्याच्या हाती देऊ काय?"

मग मामीच्या पायाला वजन बांधलं आणि ती पडून राहिली. आठवडा गेला. विमान चुकलं म्हणून आणखी एक दिवस गेला. यशवंतराव आले, फोटो पाहिले आणि भुवया उंचावून म्हणाले, "थांबलात कशाला?" मामाला वाटलं, हा आपल्या निष्ठेचा गौरवच आहे. त्यानं हात जोडले. "तुमच्यासाठीच थांबलो, साहेब." ऑपरेशन छान झालं. टाकेही सुबक होते.

रायपूरला परत आल्यावर मामाचं जे कौतुक झालं, ते मी विसरणार नाही. हळदीकुंकवाला बायका मामीला म्हणायच्या, नवरा असावा तर असा, सोन्यासारखी नोकरी टाकून नागपूरला जाऊन बसला. मंडळात लोकांनी पाठ थोपटली. मामा लाजून म्हणायचा, "अरे, त्यात काय एवढं." मामी वॉकर धरून दारात उभी राहायची आणि हसायची.

पुढच्या वर्षी तिच्या जांघेत दुखायला लागलं. आधी पायरी चढताना, मग सपाटीवर, मग नुसतं कूस वळताना. पुन्हा नागपूर. यशवंतरावांनी नवा फोटो दिव्यावर लावला आणि जुन्या फोटोशी ताडून पाहिला. मग म्हणाले, गोळा सुकला आहे, चपटा होत चालला आहे. आज ना उद्या खुबा बदलावा लागेल. मामानं विचारलं, "लवकर ऑपरेशन झालं असतं तं..." डॉक्टर भले माणूस होते. ते म्हणाले, "अच्युतराव, लगेच केलं तरी काही जणांचा सुकतो. उशिरानं शक्यता वाढते, हे खरं. तुमच्या केसमध्ये कशानं सुकला, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही."

मामाला दोषी धरायलाही कुणी तयार नव्हतं, आणि मोकळं सोडायलाही. त्या दिवशी परतीच्या गाडीतही मी सोबत होते. रायपूरला उतरल्यावर पुलाच्या पायऱ्यांशी आला आणि थबकला. मामीला पूल चढवेना. स्टेशनवरच्या ओळखीच्या हमालानं हातगाडी आणली, मामीला तीवर बसवलं आणि पार्सलच्या फाटकातून बाहेर काढलं. मामा हातगाडीच्या मागे मान खाली घालून चालत होता. मला तेव्हा त्याला काहीतरी टोचून बोलायचं होतं, पण त्याच्याकडे बघून माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर मामा बदलला तो कायमचाच. फलाटावर जाणं बंद. खिडकीवर कुणी डॉक्टरचं विचारलं की म्हणायचा, पुढे चला, मागे लाईन आहे. निवृत्त झाल्यावर तर घराबाहेरच पडेना. सकाळी मामीच्या आधी उठून पाणी तापवायचा, पोळ्या शिकला, भाजीवालीशी मोडक्यातोडक्या छत्तीसगडीत घासाघीस करायला लागला. मामीनं खाली पडलेला चमचा उचलायला वाकू नये म्हणून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत यायचा. तिच्यासमोर खुर्चीत बसायचा नाही. उभा तरी राहायचा, नाही तर मोरीत भांडी घासत बसायचा. लोक आणखीच कौतुक करायचे. कुणी कौतुक केलं की त्याचा चेहरा मार खाल्ल्यासारखा व्हायचा. मला कळायचं. मामीला कळतं की नाही, हे मात्र कळत नव्हतं. ती सगळ्यांना एकच सांगायची, "नशिबात होतं. यायनं काही कमी केलं नाही."

मामीच्या खुब्याचं काय करायचं, हा प्रश्न तसाच होता. आणि इथं मामानं जे केलं, त्याचा मला खरा राग आला. त्यानं काहीच केलं नाही. म्हणजे धावपळ खूप केली. रायपुरातले सगळे हाडांचे डॉक्टर पालथे घातले. फोटोंची पिशवी काखेत मारून एकटाच जायचा, रांगेत बसायचा, विचारून यायचा. एक म्हणाला सिमेंटवाला खुबा घाला, दुसरा म्हणाला बिनसिमेंटवाला. एक म्हणाला आत्ताच, दुसरा म्हणाला साठीनंतर. मामा घरी येऊन सगळं मामीला सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "अजून एकाले दाखवू." एका दवाखान्यात मात्र तो कधी गेला नाही. शंकर नगरला माझ्या बँकेत यायचा असला, तरी त्या बंगल्याची गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं यायचा.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मामी रात्री उशी मांडीखाली घेऊन बसून झोपायची. तिचा पाय आखूड पडला. कंबर दुखायला लागली. देऊळ सुटलं, बाजार सुटला. जिच्या पायांना घरात करमत नव्हतं, ती बाई खिडकीत बसून रस्त्यानं जाणाऱ्यांना हाका मारायला लागली. एका रविवारी मी गेले तर मामा नव्या डॉक्टरचा पत्ता शोधत होता. माझा तोल गेला.

"मामा, एकदा तू कुणाचं न ऐकता ठरवलंस आणि आता कुणाचंही ऐकून ठरवत नाहीस. दोन्ही वेळा पाय तिचाच जातो आहे. तुझ्या पस्तावण्याचं भाडं तिनं किती दिवस भरायचं?"

मामा भिंतीला टेकला. "पूर्णे, मले भीती वाटते. मी ज्याच्यावर बोट ठेवीन तोच चुकीचा निघन. माह्या बोटातच खोट आहे."

मामी आतून ऐकत होती. ती काठी टेकत बाहेर आली आणि म्हणाली, "बोट नका ठेवू तुमी. भैय्यालालले फोन करा अन् उद्या सकाळी ऑटो बोलवा. मले त्या चंद्राकर डॉक्टरकडे जायचं आहे."

मामा तिच्याकडे बघतच राहिला. "त्याच्याकडे? काहून?"

"त्यानं मले विचारलं होतं, करू काय म्हणून. बाकी साऱ्यांनी तुमाले विचारलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बंगल्याच्या जागी आता तीन मजली दवाखाना झाला होता. बाकावर बसायला जागा नव्हती. गावाकडची माणसं, मंत्रालयातले बाबू, दोन-तीन मराठी चेहरेही दिसले. मामा पिशवी छातीशी धरून कोपऱ्यात उभा राहिला. तो घाबरला होता. मला माहीत होतं त्याला कशाची भीती आहे. डॉक्टर ओळखतील आणि सगळ्यांसमोर म्हणतील, मैंने कहा था ना. मला तर वाटतं, मनातून तो त्याच बोलण्याची वाट बघत होता.

डॉक्टर चंद्राकरांच्या कानांवर आता पांढरे केस होते. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. रोज एवढी माणसं बघणाऱ्यानं का ओळखावं? त्यांनी मामीला चालायला लावलं, झोपवून पाय वळवून पाहिला, फोटो एकामागे एक लावले. नागपूरच्या कागदावर ऑपरेशनची तारीख होती. ती वाचून त्यांनी मामीला विचारलं, "और गिरी कब थीं, दाई?"

मामी पटकन म्हणाली, "उसके एक दिन पहले. दूसरे ही दिन ऑपरेशन हो गया था, साहब. एकदम जल्दी."

मी तिच्याकडे पाहिलं. ती डॉक्टरांकडे बघत होती. चेहऱ्यावर काही नाही. इतकं सरळ खोटं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "दूसरे ही दिन? फिर भी इतना सूख गया?" त्यांनी दुसऱ्या पायाचा फोटो परत उचलला. "तब तो वजह ढूँढनी पड़ेगी. खून की जाँच करेंगे, दाएँ पैर का एमआरआई भी. कहीं उसमें भी शुरू न हो गया हो."

मामी गडबडली. एका पायाचं झाकायला गेली तर दुसरा पाय संशयात आला. ती काहीतरी सावरायला तोंड उघडणार, तेवढ्यात मामा बोलला. तो अजून उभाच होता.

"दूसरे दिन नहीं हुआ, डॉक्टर साहब. हफ्ते के ऊपर हो गया था. इसको पहले यहीं लाए थे, आपके पास. आपने कहा था सुबह कर देंगे. मैं उठाके ले गया. उधर भी एक डॉक्टर उसी दिन कर रहे थे, मैंने नहीं करने दिया. सब मैंने किया." त्यानं पिशवी छातीशी आवळली. "आपको याद नहीं होगा."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. "बैठिए न बाबूजी," ते म्हणाले. "बहुत लोग ले जाते हैं." मग त्यांनी कागदावरची ओळ खोडली आणि नवी लिहिली. "तो ये जाँचें अभी नहीं लगेंगी. वजह वही रही होगी." आणि ते मामीला नवा खुबा कसा बसवतात, किती दिवसांत चालता येईल, खाली मांडी घालून का बसायचं नाही, हे समजावायला लागले. मामा बसला, पण त्यातलं त्यानं काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

बाहेर येऊन दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मी पाण्याची बाटली घेऊन बाजूला उभी राहिले.

मामानं विचारलं, "तू खोटं काहून बोलली?"

"मग काय सांगू? माह्या नवऱ्यानं आठ दिवस मले लटकवून ठेवलं, असं सांगू परक्या माणसाले?"

मामानं फोटोंची पिशवी मांडीवर ठेवली. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे तुले माहीत होतं."

"अहो, पाय कोणाचा आहे?" मामी काठीकडे बघत बोलत होती. "पहिल्या दिवशीच माहीत होतं. इथं त्यानं मले बोट ठेवून दाखवलं होतं, गोळा सुकन म्हणून. गाडीत माहीत होतं. तिथं वजन बांधून पडली होती तवाही रोज मनात म्हणत होती, आता सुकून राहिला असन, आता सुकून राहिला असन."

"मग बोलली काहून नाही?"

"तुमी विचारलं काय मले? साडूले विचारलं, मास्तरले विचारलं, साऱ्या रायपूरले फोन लावले. मी तिथंच खाटेवर पडली होती."



"राग आहे मले," मामी म्हणाली. आता ती त्याच्याकडे बघत होती. "तवाही होता, आताही आहे. तुमी पोळ्या केल्यानं, भांडी घासल्यानं तो जाणार नाही. पण तो आपल्या दोघांचा आहे. लोकाईसमोर नाही मांडणार मी."

मामानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो रडायला लागला, दवाखान्याच्या भर व्हरांड्यात. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. त्यांना वाटलं असेल, डॉक्टरनं काही वाईट सांगितलं. पण मी त्याला ओळखते. इतक्या वर्षांत सगळ्यांनी त्याला चांगलं म्हटलं होतं, आणि ते त्याला सोसत नव्हतं. ज्या एका माणसाकडून शिक्षा यायला हवी होती, त्या माणसानं ती आज सुनावली होती. माफ केलं असतं तर तो इतका मोकळा रडला नसता.

मामीनं त्याच्या मांडीवरची फोटोंची पिशवी काढून आपल्या बाजूला ठेवली. तिनं त्याच्या पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. नुसती त्याला टेकून बसून राहिली.

ऑपरेशन कोणत्या दिवशी, हे दोघांपैकी कुणीच ऐकलं नव्हतं. ते विचारायला मी परत आत गेले आणि मुद्दामच जरा वेळ लावला.